सूर्य विझल्यावर दुधाचं माप

अण्णा, परवा संध्याकाळी मी आपल्या वस्तीवरच्या डेअरीवर जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. राजुरीला माझं येणं-जाणं असतं, लग्नकार्याला येते, यात्रेला येते, पण डेअरीवरून जायची वेळ आली की मी विहिरीच्या बाजूने वळसा घालते. आई म्हणते, एवढ्याशा वस्तीत वळसा घालणारी तू एकटीच. आई आता माझ्याकडे मंचरला असते. गुडघे सोडले तर ठणठणीत आहे, आणि तुमचा विषय निघाला की अजूनही आधी तुमच्यावर चिडते आणि मग हसते. मी इथून जवळच एका शाळेत विज्ञान शिकवते. परवा डेअरीवरून घरी आले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की आईने विचारलं, "काय गं, बदली रद्द झाली का?" बदली नव्हती, पण तिला सांगताना सगळं सांगता येईना, कारण त्यातलं निम्मं तुम्हालाच कळण्यासारखं आहे. म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला गोष्टी सांगायची फार हौस होती असं लोक म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. तुम्हाला लोडशेडिंगने गोष्ट सांगायला लावली. संध्याकाळचं दूध घेऊन माणसं तुमच्या काट्यापुढे रांगेत उभी असायची आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. दुधाची फॅट मोजून भाव ठरवणारं मशीन बंद, काटा बंद. फॅट लागल्याशिवाय पावती नाही आणि पावतीशिवाय कुणी हलायला तयार नाही. किटल्या खाली ठेवून बायका ओट्यावर बसायच्या, बाप्ये उभ्याउभ्या वीजवाल्यांचा उद्धार करायचे, आणि तो करून झाला की तुमचा. अशाच एका संध्याकाळी वैतागून तुम्ही ओरडलात, "गप बसा की जरा! आजपासनं धा लाख वर्सांनी काय हुनार हाय, सांगू का?" सगळे एकदम गप्प झाले. दहा लाख वर्षांनंतरची चौकशी त्या ओट्यावर तोवर कुणी केलीच नव्हती.

पुस्तकं तुम्ही जुन्नरच्या वाचनालयातून आणायचात. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांची भाषांतरं होती ती, मुखपृष्ठ गेलेली, वाळवीने कडा कुरतडलेली. माणसाचं लाखो वर्षांनी काय होईल, समुद्र आटल्यावर तो कुठे राहील, सूर्य म्हातारा झाल्यावर काय करील, असलं सगळं त्यांत असायचं. पण ती गोष्ट म्हणून सांगताना जुळणी तुमची असायची. तुमच्याकडे तीन सेलची बॅटरी होती. तिच्या काचेवर तळहात घट्ट दाबलात की बोटांमधून तांबडा उजेड यायचा, आणि तुम्ही हळूच म्हणायचात, "सूर्य थकला." काळ पुढे न्यायचा असला की एक रिकामी किटली जमिनीवर उपडी घालायचात. ठक्‌. गेली लाख वर्षं. नियम एकच होता: लाइट आली की गोष्ट बंद. वाक्याच्या मध्ये आली तर वाक्याच्या मध्ये. माणसं बर्फाखाली अडकलेली असोत की चंद्रावरून परत निघालेली असोत, मशीन घूं करायला लागलं की तुम्ही बॅटरी विझवून म्हणायचात, "चला, पयला नंबर कुनाचा?" मग लोक लाइट गेली म्हणून नाही, आली म्हणून शिव्या द्यायला लागले. अशी डेअरी अख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल.

ओढ्यापलीकडच्या मावशी तुमच्या पहिल्या श्रोत्या. दोन म्हशी, एक किटली आणि भला मोठा आवाज. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तुम्हाला मध्येच थांबवून विचारलं, "तवा म्हशी असत्यात का?" तुम्ही प्रामाणिकपणे म्हणालात, पुस्तकात तर काही दिसत नाहीत. "मंग आमाला काय करायचीत तसली वर्सं?" असं म्हणून त्या किटली उचलायला लागल्या. तेव्हा तुम्ही घाईघाईने म्हशी आणल्यात, आणि त्या पुन्हा गोष्टीतून गेल्या नाहीत. माणसांची डोकी मोठी झाली, पायांची बोटं गेली, बोलणं बंद होऊन मनातलं मनात कळायला लागलं, पण म्हशी तशाच्या तशा, रवंथ करत बसलेल्या. मावशींची एक तक्रार मात्र कायम राहिली. गोष्टीत माणसं मरायला लागली की अण्णा फॅट कमी लावतो, असं त्या चारचौघांत सांगायच्या. तुम्ही कानावर हात ठेवायचात. खोडदकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या आकाशातलं ऐकतात असं तुम्ही एकदा समजावून सांगितलंत, तर मावशी म्हणाल्या, "म्हंजी त्याबी आमच्यावानीच. कान लावून बसल्यात, पुढं काय म्हनून."

मी नववीत होते तेव्हाचं तुम्हाला आठवतं का? सूर्य दिव्यासारखा विझत नाही, आधी फुगतो, हे मी नुकतंच वाचलं होतं आणि ते माझ्या पोटात राहीना. तुम्ही बॅटरीवर हात दाबला आणि मी भर ओट्यावर बोलले, "अण्णा, हे चूक आहे." मावशींनीच मला झापलं, "ए, तुझं पुस्तक ऱ्हाऊ दे तिकडं. त्येला बोलू दे." तुम्ही गोष्ट तशीच पुढे नेलीत. घरी आल्यावर मी चुलीपाशी तोंड फुगवून बसले होते, आई भाकरी थापत होती. तुम्ही पाटावर बसता बसता म्हणालात, "बरोबर तुझंच आहे. पण सूर्य फुगवला तर म्हशी भाजतील, आणि म्हातारी उद्यापासून दूध दुसऱ्या डेअरीला घालील." आई हसायला लागली, तिची भाकरी तव्यावर करपली, आणि ती करपलेली भाकरी तुम्ही गुपचूप आपल्या ताटात घेतलीत. दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही ती तीन सेलची बॅटरी मला देऊन टाकलीत. म्हणालात, घे, सूर्य तुझ्याकडे.

त्यानंतर तुम्ही गोष्ट सांगताना ती बॅटरी माझ्याकडून मागून घ्यायचात. शेवटच्या संध्याकाळीही घेतलीत. मी कॉलेजला होते, सुट्टीत घरी आलेले. गोष्ट फार पुढे आली होती. उरलेली माणसं, आपल्या वस्तीएवढीच, जमिनीखाली राहत होती, म्हशींसकट. सूर्य तांबडा होऊन कित्येक किटल्या उपड्या पडल्या होत्या. त्यांच्यातला एक म्हातारा रोज पहाटे पायऱ्या चढून वर जायचा, सूर्य उगवला का बघायचा आणि खाली येऊन सांगायचा. त्या दिवशी तो वर गेला. उभा राहिला. वाट बघितली. तुम्ही बॅटरीवरचा हात हलवला नाहीत, बटण बंद केलंत. ओट्यावर काळोख झाला. आणि तेवढ्यात लाइट आली. सगळे ओरडले. तुम्ही "उद्या" म्हणालात आणि मशीनकडे वळलात.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध घेऊन टेम्पो गेला, तुम्ही कॅन धुवायला बसलात आणि बसल्या जागी कलंडलात.

दहाव्याला सगळी वस्ती नदीवर होती, भोंग्यावर प्रवचन चाललं होतं. पिंड ठेवले, आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसलेले दिसत होते, पण खाली एकही येईना. काकांनी पुढे होऊन हात जोडले, म्हणाले, पोरीच्या लग्नाचं मी बघतो. कावळे ढिम्म. आईला सांभाळीन म्हणाले. ढिम्म. कुणीतरी चहाचा कप आणून ठेवला, कुणी भजी ठेवली. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलायला लागले, तसा आईने पदर तोंडाला लावला. तुम्ही समाधानाने गेला नाहीत हे तिला सगळ्या गावासमोर ऐकावं लागत होतं. तेव्हा मावशी गर्दीतून पुढे आल्या. "आरं, त्येचा जीव गोष्टीत आडाकलाय," त्या म्हणाल्या. "अर्धीच ऱ्हायली न्हवं का. पोरी, बोल काय तरी बापाशी." मला आईकडे बघवत नव्हतं. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "अण्णा, गोष्टीचा शेवट मी करीन." आणि कावळा आला. एक नाही, तीन-चार आले. लोकांनी सुस्कारा सोडला, आई रडली, आणि मी तिथल्या तिथे बांधली गेले.

मी विज्ञानाची बाई आहे, अण्णा. त्या क्षणी भोंग्यावरचं प्रवचन थांबलं होतं आणि लोक मी काय बोलते ते ऐकायला गप्प झाले होते, म्हणून कावळ्यांची भीड चेपली असणार, हे मला कळतं. मुलांना मी तसंच शिकवीन. पण स्वतःला काही ते शिकवता आलं नाही. सगळ्या गावासमोर मेलेल्या बापाला दिलेला शब्द होता तो, आणि तो घेतला गेल्याचं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग मी ती सगळी पुस्तकं वाचून काढली. भाषांतरं संपली तेव्हा मूळ इंग्रजी आणली, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. तुम्ही त्यांच्या नादी का लागलात ते कळलं. एका पानावर शहरं उभी राहतात आणि पुढच्या पानावर त्या शहरांचं नावही कुणाला आठवत नाही. असलं काही वाचून मान वर केली की समोर आपला शिवनेरी किल्ला दिसायचा आणि तो कालपरवा बांधल्यासारखा वाटायचा. ते वाटणं मला फार आवडायचं. पण त्या लेखकांच्या माणसांना कधी भूक लागत नाही, त्यांचे गुडघे दुखत नाहीत, संध्याकाळी कुणाला धारा काढायला परत यावं लागत नाही. आणि शेवटी सगळे एकाच जागी येतात. थंडी, अंधार, एक माणूस, आणि मग तोही नाही. मी लिहिलेले शेवटही तसेच व्हायचे. एकात मी सूर्य बरोबर शास्त्राप्रमाणे फुगवला, सगळी भाजली. दुसऱ्यात गोठवली. तिसऱ्यात दुसऱ्या ताऱ्याकडे पाठवली, तर वाटेत मला आठवलं की तोही तारा विझणारच, आणि मी पेन ठेवला. शास्त्र मला आडवं यायचं. बाजारात, एसटीत, लग्नात कुणी ना कुणी भेटायचं आणि विचारायचं, "बाई, गोष्ट कुठवर आली?" मी म्हणायची, चाललंय. लोकांचं ते विचारणं मला तगाद्यासारखं वाटायचं. त्यापायी तो विहिरीकडचा वळसा.

गेल्या आठवड्यात मावशींच्या नातसुनेचा फोन आला. "आजींनी तुम्हाला बोलावलंय. लवकर या म्हणतात." त्यांचं वय झालंय. मला वाटलं, म्हातारी चालली आणि जाण्याआधी शेवट ऐकायचाय तिला. त्यातल्या त्यात बरा शेवट, तो गोठण्याचा, मी त्याला थोडी ऊब लावून छापून घेतला आणि पिशवीत टाकला. स्कूटीवरून जाताना सारखं मनात येत होतं, त्यांनी डोळे मिटायच्या आधी मी त्यांना हे वाचून दाखवणार? म्हशीसुद्धा गोठतात यात.

मावशी अंथरुणावर नव्हत्या. डेअरीच्या ओट्यावर बसून कुणाला तरी झापत होत्या. दात गेलेत, म्हशी कधीच विकल्यात, तरी रोज संध्याकाळी येऊन बसतात. डेअरी बदललीय, अण्णा. मशीन नवं आहे, पावती आपोआप निघते, फॅट लाल आकड्यांत सगळ्यांसमोर दिसते. तुमच्या जागेवर एक तरुण मुलगी आहे, भराभरा काम करते. फक्त इन्व्हर्टर महिनाभर बिघडलेला आहे आणि लाइट अजून जाते. मी टेकले न टेकले तोच गेली. बायकांनी किटल्या खाली ठेवल्या आणि ओट्यावर सरकून जागा केली. मी पिशवीत हात घातला. "मावशी, शेवट आणलाय मी."

"कशाचा?"

"गोष्टीचा. अण्णांच्या."

"त्यो ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या. "तुझ्याकडनं एक निकाल पायजे. हिचा पोरगा म्हंतो, आभाळात वजनच लागत न्हाई कशाला. मंग तिथं दूध मोजायचं कसं? चार दिस झालं, गोष्ट तिथंच आडून बसलीया."

मला कळेना. कुठली गोष्ट, म्हणून विचारलं. अंधारात सगळ्या हसल्या. मग मावशींनी सांगितलं. तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा लाइट गेली. "मंग आमी काय मुकाट बसनार व्हतो का? म्हातारा वर उभा, सूर्य न्हाई. म्या म्हनलं, त्यो खाली येऊन सांगंल की, बांधा गाठोडी." आणि त्यांनी गाठोडी बांधली. जिला जे सुचेल ते ती सांगायची, लाइट आली की थांबायचं, पुढच्या वेळी दुसरीने धरायचं. सुना आल्या, त्यांनीही धरली. ती माणसं आभाळातल्या जहाजात बसून तुमच्या विझलेल्या सूर्यापासून निघून कुठल्या कुठे पोचलीयत, अण्णा. मध्ये दोनदा भांडणं होऊन वेगळी राहिलीयत, तिकडच्या कुणाशी सोयरीक झालीय, एक म्हैस आटलीय आणि पुन्हा व्यालीय. "तुला इचारायचो आमी, कुठवर आली म्हनून," एक बाई म्हणाली. "तू म्हनायचीस चाललंय. आमची तर लई पुढं गेली व्हती."

मी तरी म्हणाले, "पण मावशी, शेवट करायचा होता ना मी. नदीवर कबूल केलं होतं."

"त्ये तुझं तू बोललीस. शेवट कुनी मागितला व्हता?"

"पण सूर्य विझल्यावर पुढे राहतं काय?"

मावशींनी माझ्या पाठीवर थाप मारली, जोरात. "आगं येडे, सूर्य इझला म्हंजी लाइट गेली. लाइट गेली म्हनून कवा उठून घरी गेलो का आमी? तवाच तर सुरू व्हायची."

अण्णा, मला एकदम रडू आलं आणि त्यातच हसू आलं. इतकी वर्षं मी सूर्य विझण्याशी झुंजत बसले होते आणि माझ्याशिवाय गोष्ट चालू होती. मला थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण तो राग फार टिकला नाही. छातीवरची एवढी मोठी धोंड कुणी उचलून बाजूला ठेवल्यावर, ती आधीच का नाही उचललीत म्हणून भांडत बसायचं नसतं.

मग मी निकाल दिला. शेजारणीची किटली घेतली, झाकण काढलं, पदर खोचला आणि लहानपणी मला गंमत दाखवायला तुम्ही फिरवायचात तशी डोक्यावरून गरागरा फिरवली. थेंब सांडला नाही. म्हटलं, जहाज असंच गोल फिरत ठेवायचं, मग आत सगळ्याला वजन येतं, दुधालाही. बायकांना ते तात्काळ पटलं. मावशी म्हणाल्या, "मंग सांग की पुढं, आता धरलीच हायेस तर." तुमची बॅटरी घरी कपाटात होती. मी मोबाईलची लावली आणि तिच्यावर तळहात दाबला. बोटांमधून तोच तांबडा उजेड आला. मी एक रिकामी किटली उपडी घातली. जहाज फिरायला लागलं, आत गोठे, गोठ्यांच्या वर तारे, म्हशी धारेला आलेल्या, बायका रांगेत. मी सांगत होते आणि माझा आवाज तुमच्यासारखा लागत होता हे मलाच ऐकू येत होतं.

"आन् तिथं माप कोन घेतं?" मावशींनी विचारलं.

मी विचार केला नाही. "अण्णा," म्हणाले.

कुणी हसलं नाही. कुणी हळहळलंही नाही. मावशींनी मान डोलावली, ते बरोबरच आहे अशी, आणि थोडं थांबून, जरा संशयानेच विचारलं, "फॅट तरी बराबर लावतो का आता?"

"आता चांगली लावतात," मी म्हणाले. आणि लाइट आली.

पिशवीतला तो शेवट घरी आल्यावर मी आईला चुलीत घालायला दिला. गॅस आहे गं आता, म्हणाली, आणि त्या कागदांवर मिरच्या वाळत टाकल्या. हे पत्र पितरांच्या घासाशेजारी ठेव असंही तिने सुचवलं. ते मी करणार नाही. पुन्हा कावळ्यांच्या नादी लागायचं नाही. हे माझ्याकडेच राहू दे. तेवढं एक कबूल करायचं राहिलं होतं: फॅटचा शब्द मी तुम्हाला न विचारता देऊन बसले आहे. तो मात्र तुम्हीच पाळायचा आहे. सांभाळून घ्या.